एका घराला किती गाड्या?

नागपुरातल्या मनीष नगर-बेसा रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर शनिवारी झालेली चर्चा. गुड मॉर्निंगची फुलं आणि "टँकर आला का" एवढं तेवढं गाळलं आहे.

सचिव (२०१): सर्व सभासदांना कळवण्यात येते की वॉचमनकडून गाड्यांची मोजणी करून घेतली आहे. फ्लॅट २४. पार्किंगच्या जागा १८. चारचाकी २७. म्हणजे रोज रात्री ९ गाड्या गेटबाहेर. उद्या सकाळी ११ वाजता टेरेसवर सभा आहे. येताना आरसीची झेरॉक्स आणावी.

देशमुख (३०१): आरसी कायले पाहिजे? गाडी समोर दिसून राहिली नं.

सचिव (२०१): गाडी दिसते, मालक दिसत नाही. एमएच ३१, ४९, ४० सगळ्या पाट्या आहेत. एक एमएच १२ पण आहे.

जोशी काकू (४०१): एमएच १२ आमची आहे हो. मुलगा पुण्याला होता, आता जर्मनीला गेला. गाडी इथे ठेवून गेला.

बोरकर काकू (१०२): तीच नं, जिच्या कव्हरवर मांजर बसते?

जोशी काकू (४०१): मांजर आमची नाही.

निखिल (१०४): सर, गाड्या आणखी वाढतील. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी उतरला आहे. चार मीटरच्या आतली गाडी, पेट्रोल १२०० सीसीपर्यंत, तिच्यावर १८ टक्के. आधी सेस धरून २९ व्हायचा. आमच्या मिहानच्या ऑफिसात दसऱ्याले पेढ्यांचे डबे मावत नव्हते.

बोरकर काकू (१०२): आमच्या वेळी अख्ख्या गल्लीत एक फियाट होती. लग्नाची वरात तिच्यातच, दवाखानाही तिच्यातच. बाकी सगळे लुनावर.

देशमुख (३०१): काकू, तेव्हा ४५ डिग्री होत नव्हतं का? आता मे अखेरच्या नवतप्यात टू-व्हीलरवर निघून दाखवा.

बोरकर काकू (१०२): होत होतं. दुपट्टा गुंडाळून निघत होतो. कांदा खिशात.

मेश्राम काका (३०२): मी सांख्यिकी खात्यात नोकरी केली, म्हणून थोडं लांब लिहितो. २००१ च्या जनगणनेत देशातल्या अडीच टक्के घरांत कार, जीप किंवा व्हॅन होती. २०११ ला ४.७ टक्के. पुढची जनगणना वेळेत झाली नाही, पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण झालं. त्याच्या २०१९-२१ च्या फेरीत आकडा साडेसात टक्क्यांच्या आसपास आला. गोव्यात तो ४५, केरळात २४. दुचाकी २००१ ला जेमतेम १२ टक्के घरांत होती, त्या सर्वेक्षणात ती निम्म्या घरांत निघाली. म्हणजे देशाची खरी गाडी अजून दुचाकीच आहे.

निखिल (१०४): काका, मग आपल्या इथे २४ पैकी किती घरांत कार आहे?

सचिव (२०१): ४ घरांत नाही. १४ घरांत एक. ५ घरांत दोन. एका घरात तीन. घराचं नाव उद्या सभेत.

देशमुख (३०१): आमचंच आहे. सांगा नं इथेच.

मेश्राम काका (३०२): आता गंमत पाहा. मी वर जे आकडे दिले, त्यात देशमुखांच्या तीन गाड्या आणि माझी एक वॅगन-आर सारख्याच धरल्या जातात. प्रगणक एवढंच विचारतो, घरात कार आहे का? हो की नाही. किती, हे कोणी विचारत नाही. परिवहन खात्याच्या वाहन पोर्टलवर गाड्यांची संख्या मिळते, पण ती मालकाच्या नावाने. एक नवऱ्याच्या नावावर, एक बायकोच्या, एक फर्मच्या. घर कुठेच दिसत नाही. शिवाय भंगारात गेलेली गाडी कोणी नोंदणीतून काढून घेतली नसेल, तर ती कागदावर जिवंतच. एका घरात दुसरी गाडी कधी आली, काहून आली, याचा हिशेब सरकारकडे नाही. तो आपल्या वॉचमनकडे आहे. माझ्या मते आपला घोळ तिथेच आहे. कार असलेली घरं २० आणि जागा १८, हे दोन घरांचं काम बसून मिटलं असतं. रस्त्यावरच्या नऊपैकी सात गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या आहेत.

राऊत ताई (४०३): काका बरोबर बोलले. मी विम्याचं काम करते, त्यामुळे कोणाच्या घरी दुसरी गाडी का आली ते मला नूतनीकरणाच्या वेळी कळते. नावं घेत नाही. पहिली गाडी लोक ठरवून घेतात. दोन वर्षं बघतात, कर्ज बघतात, रंगावरून घरात भांडण होते. दुसरी तशी येत नाही. ती होऊन जाते. नवी घेतली, जुनीला एक्स्चेंजमध्ये शोरूमवाल्याने फार कमी भाव लावला, म्हणून "राहू दे, आईबाबांना दवाखान्यात न्यायला होईल" म्हणून ठेवली. किंवा मुलगा गाव सोडून गेला. किंवा सासरे वारले, त्यांची गाडी विकवत नाही. कोरोनात पण पुष्कळ आल्या. २०२० ला ऑटोत बसायची भीती होती, तेव्हा सेकंडहँड अल्टो घेतली, भीती गेली, अल्टो राहिली. नूतनीकरणाला फोटो मागते तेव्हा मीटर वर्षभरात जेमतेम सरकलेला असतो.

देशमुख (३०१): ताई, सगळ्यांना एकाच तराजूत तोलू नका. मी रोज बुटीबोरी एमआयडीसीत जातो, मिसेस कामठी रोडला शाळेत. एक दक्षिणेला, एक उत्तरेला. एका गाडीत कसं जमते ते सांगा.

राऊत ताई (४०३): तुमच्या दोन गाड्या मला पटतात देशमुख भाऊ. दोन्ही रोज चालतात. तिसरीचं बोला.

देशमुख (३०१): तिसरी समृद्धी महामार्गासाठी घेतली.

प्राजक्ता (२०३): 😂

देशमुख (३०१): हसू नका. आधी शिर्डीले जायचं म्हणजे रात्रीची ट्रॅव्हल्स. आता ५२० किलोमीटर सरळ रस्ता. सगळं खानदान एकाच गाडीत पाहिजे म्हणते. सात सीटर नाही तर काय घेऊ?

प्राजक्ता (२०३): भाऊ, वर्षातून किती वेळा शिर्डी?

देशमुख (३०१): 🙏

प्राजक्ता (२०३): मी त्या ४ घरांतली. कार नाही, घ्यायची पण नाही सध्या. स्कूटी आणि मेट्रो. जयप्रकाश नगर स्टेशनला स्कूटी लावते, सीताबर्डीला गाडी बदलते. पण एक सांगू का? ११ डिसेंबर २०२२ ला नागपुरात एकाच दिवशी दोन उद्घाटनं झाली. मेट्रोचा पहिला टप्पा पूर्ण झाला आणि समृद्धीचा नागपूर-शिर्डी भाग सुरू झाला. मेट्रो गाडी घरी ठेवायला सांगते, समृद्धी मोठी घ्यायला. आपल्या सोसायटीत कोण जिंकलं ते खाली पार्किंगमध्ये जाऊन बघा.

निखिल (१०४): मेट्रो चांगली आहे ताई, पण बेसाकडून स्टेशनपर्यंत यायला ऑटो शोधावा लागते. मेट्रोचं तिकीट कमी आणि ऑटोचे पैसे जास्त.

प्राजक्ता (२०३): म्हणून तर स्कूटी.

सचिव (२०१): विषयावर या. आणखी एक अडचण. जागा तेवढीच आहे, गाड्या फुगल्या. आपले चौकोन अडीच बाय पाच मीटरचे. मारुती ८०० रुंदीला दीड मीटरही नव्हती. आता क्रेटा पावणेदोन मीटरच्या वर जाते. दोन खांबांच्या मध्ये लावली की दार उघडत नाही. परवा ३०३ चे काका डिकीतून उतरले.

मेश्राम काका (३०२): हे साऱ्या देशातच झालं आहे. २०२४-२५ मध्ये देशात ४३ लाख प्रवासी वाहनं विकली गेली, त्यात जवळपास ६५ टक्के एसयूव्ही आणि तत्सम. लहान गाडी घेणारा माणूस एक तर स्कूटरवरच थांबला, नाही तर सेकंडहँडकडे वळला. ज्याच्याकडे आधीच गाडी होती, त्याने मोठी घेतली. आता जीएसटीने लहान गाडीला थोडा जीव येईल असं दिसते.

बोरकर काकू (१०२): हे सगळं ठीक आहे. पण आमच्या खिडकीखालची जागा आमचीच आहे. २००८ ला बिल्डरला वेगळे पैसे दिले होते. पावती आहे.

सचिव (२०१): काकू, रागावू नका. ऑगस्ट २०१० ला सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या प्रकरणात स्पष्ट सांगितलं, स्टिल्ट (इमारतीखालचं, खांबांमधलं) किंवा उघडं पार्किंग बिल्डरला फ्लॅटसारखं वेगळं विकता येत नाही. ती सामाईक जागा. पुढे रेरा या बांधकाम कायद्याच्या काळात झाकलेल्या पार्किंगबाबत करारात लिहून देता येऊ लागलं, पण आपली इमारत त्याआधीची, आणि आपलं सगळं स्टिल्ट.

बोरकर काकू (१०२): मग माझे पैसे?

सचिव (२०१): ते बिल्डरला विचारा. फोन लागला तर मलाही सांगा, लिफ्टचं काम राहिलं आहे.

साहिल (१०१): 📩 फॉरवर्ड: *१५ वर्षे जुनी गाडी १ तारखेपासून भंगारात! पोलीस जप्त करणार! सर्व ग्रुपवर पाठवा!*

साहिल (१०१): मग तर प्रश्नच मिटला. जुन्या चार जातील.

राऊत ताई (४०३): साहिल, तो दिल्लीचा गोंधळ आहे, आपला नाही. आपल्याकडे खासगी गाडीला १५ वर्षांनी आरटीओत फिटनेस तपासून नोंदणी पुन्हा करून मिळते. फी मात्र वाढली, एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५००० झाली. वर पर्यावरण कर. म्हणजे उभी गाडी ठेवणंही फुकट नाही. थर्ड पार्टी विमाच बघा. १००० ते १५०० सीसीला ३४१६ रुपये, १५०० च्या वर ७८९७. त्यावर जीएसटी. गाडी चालो की न चालो. कमी चालवणाऱ्यांसाठी किलोमीटरप्रमाणे हप्त्याची सोय २०२२ पासून आली आहे, पण ती गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागाला. थर्ड पार्टीला सूट नाही.

निखिल (१०४): आणि बॅटरी दरवर्षी बसते ते वेगळंच.

बोरकर काकू (१०२): सप्टेंबर २०२३ चा पूर आठवतो का? अंबाझरी ओसंडला, तेव्हा माझ्या बहिणीकडे तळघरातल्या गाड्या पाण्यात गेल्या. एका घरच्या दोन-दोन.

राऊत ताई (४०३): आठवतो नं काकू. महिनाभर माझा फोन खाली ठेवला नव्हता. इंजिनात पाणी शिरलं आणि लोकांनी चावी फिरवून बघितली. ती चावी फिरवली नसती तर अर्धे क्लेम सोपे गेले असते.

निखिल (१०४): मध्ये परिवहनमंत्री बोलले होते, पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नवी गाडी नोंदवणार नाही. २०२५ च्या मे महिन्यात.

मेश्राम काका (३०२): जपानमध्ये हे १९६२ पासून आहे. गाडी घ्यायच्या आधी पोलीस ठाण्यातून जागेचा दाखला, आणि ती जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत पाहिजे. पण तिथे रात्री रस्त्यावर गाडी सोडली तर कारवाईही होते. आपल्या इथे रस्ता हेच सगळ्यांचं गॅरेज. दाखला आला तर आधी त्याच्या झेरॉक्स विकत मिळतील.

देशमुख (३०१): बरं मुद्द्यावर या. काय करायचं ठरलं?

सचिव (२०१): सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत आहे, जागेपेक्षा गाड्या जास्त असतील तर चिठ्ठ्या टाकायच्या, वर्षभरासाठी. माझा प्रस्ताव: चिठ्ठी फक्त घरटी पहिल्या गाडीची. २० घरं, १८ जागा. ज्या दोघांना नाही मिळाली त्यांचा नंबर पुढच्या वर्षी चिठ्ठी न टाकता लागेल. दुसऱ्या-तिसऱ्या गाडीला आत जागा नाही.

देशमुख (३०१): म्हणजे माझ्या दोन बाहेर?

राऊत ताई (४०३): दोन घरं अशी आहेत की ज्यांची एकमेव गाडी चिठ्ठीत बाहेर जाईल. तुमची सात सीटर आत आणि त्यांची एकुलती बाहेर, हे बरं दिसते का भाऊ?

देशमुख (३०१): नाही दिसत. पण मिसेसची गाडी आत पाहिजे, ती रात्री उशिरा येते. मग पहिली तीच धरा. माझी बाहेर चालेल.

प्राजक्ता (२०३): आमच्या चार घरांचं काय? मेंटेनन्स सगळ्यांएवढाच भरतो. पार्किंगची फरशी, लाईट, सीसीटीव्ही सगळं आमच्या पैशातून पण. मला चारचाकीची जागा नको, पण पार्किंगचं शुल्क वेगळं काढा आणि गाडीप्रमाणे घ्या. दुसऱ्या गाडीला जास्त, आत असो की गेटसमोर. ॲम्ब्युलन्स वळायला कोपरा मोकळा ठेवा. आणि स्कूटींची रांग कोणाच्या बंपरखाली नको.

मेश्राम काका (३०२): प्राजक्ताला माझं अनुमोदन. या ग्रुपवर इतकी वर्षं पार्किंगची भांडणं फक्त गाडीवाल्यांमध्येच चालली आहेत.

सचिव (२०१): शुल्काचा ठराव सर्वसाधारण सभेतच होईल, उद्या मांडतो. रक्कम तिथेच ठरवू.

जोशी काकू (४०१): राऊत ताई, एक विचारायचं होतं. मुलाची गाडी विकायची झाली तर तो इथे लागेल का?

राऊत ताई (४०३): काकू, गाडी त्याच्या नावावर आहे, म्हणून फॉर्म २९ आणि ३० वर त्याची सही लागेल. कर्ज होतं का?

जोशी काकू (४०१): होतं. फिटलं.

राऊत ताई (४०३): फिटलं तरी आरसीवर बँकेचं नाव असेल तर आधी ते काढून घ्या. लोक हेच विसरतात आणि गिऱ्हाईक परत जाते.

जोशी काकू (४०१): डिसेंबरात येतो तो. तेव्हा सह्या घेते. तोपर्यंत गाडी मागच्या भिंतीला लावू द्या, मधली जागा कोणाला तरी होईल. चालू होईल की नाही माहीत नाही.

सचिव (२०१): जंपर केबल कोणाकडे आहे?

निखिल (१०४): माझ्याकडे. सभेआधी दहा वाजता खाली उतरतो. काकू, चावी तेवढी आणा.