इटालियनमध्ये आभार कसे मानायचे? ग्रात्सिया म्हटलं तर हसले!

मांद्रेकरीण:
गोव्यात मांद्र्याला आमच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. इटालियन आजी-आजोबा सलग तिसऱ्या वर्षी आलेत, परवा निघणार. काल आजींनी स्वतःचा मोका पॉट (तो अष्टकोनी, कॉफीचा) माझ्या हातात ठेवला. मी ऐटीत "ग्रात्सिया" म्हटलं, तर आजोबा खुदकन हसले. काय चुकलं? त्यांना द्यायच्या मिस्कुटाच्या (आमचं कैरीचं लोणचं) बरणीवर चिठ्ठी चिकटवायचीय. सासूबाई म्हणतात, "ओब्रिगाद लिही, सगळ्या गोऱ्यांना कळतं."

जुना तारवटी:
ओब्रिगाद पोर्तुगीज, आणि बाई म्हणणार असेल तर ओब्रिगादा. इटालियनमध्ये ती भानगड नाही. बाई असो की बुवा, ग्रात्सिए. ग्रात्सिया म्हणजे कृपा, आभार मानायला तिचं अनेकवचन. शेवटचा "ए" तेवढा गिळू नका.

बोटीवर नऊ वर्षं इटालियन शेफच्या हाताखाली कांदे चिरले. पहिल्या महिन्यात त्याने झापल्यावर मी मान खाली घालून "ग्रात्सिए तांते" म्हटलं. अर्थ खूप आभार, पण सूर सपाट पडला की तोच टोमणा होतो, आपण "मोठे उपकार झाले" म्हणतो तसा. त्या रात्री दोन पोती बटाटे सोलले. तेव्हापासून "ग्रात्सिए मिल्ले", हजार आभार. ल वर जोर द्या.

पणजीची विद्यार्थिनी:
त्यांच्यातही तू-तुम्ही आहे. दोस्तीत "ती रिंग्रात्सिओ", एकट्या मोठ्या माणसाला "ला रिंग्रात्सिओ". तुमचे दोघे आहेत, म्हणून "वी रिंग्रात्सिओ दी क्वोरे", मनापासून आभार. ते "प्रेगो" म्हणतील, किंवा "फिगूराति", म्हणजे अगं त्यात काय एवढं. आदराने तेच "सी फिगूरी".

जुना तारवटी:
प्रेगो नुसतं आभारांचं उत्तर नव्हे हां. दार धरून प्रेगो म्हटलं की "आधी तुम्ही".

मांद्रेकरीण:
अगो बाई! आजोबा रोज फाटक धरून "प्रेगो, प्रेगो" करतात. मला वाटायचं आभारच मानतायत, म्हणून मीही हसून मान डोलवत तिथेच उभी. दोघंही उन्हात!

चिठ्ठी झाली, "वी रिंग्रात्सिओ दी क्वोरे". खाली सासूबाईंनी आमचं कोकणीतलं आभाराचं "देव बरें करूं" घालायला लावलंच. आता बरणीतून तेल झिरपतंय, दोन पिशव्यांत बांधते. आजींच्या पांढऱ्या कपड्यांवर सांडलं तर पुढच्या वर्षी कसल्या येतात!