मदत हवी आहे: श्वासनलिकांचं झाड काढताना अख्खं फुफ्फुसच भरतंय

मंडळी, छातीच्या सीटी स्कॅनमधून श्वासनलिकांचं थ्रीडी मॉडेल बनवतोय आणि तीन दिवस एकाच जागी अडकलोय.

पायथनमध्ये सिंपलआयटीके (वैद्यकीय प्रतिमांसाठीची लायब्ररी) वापरतो. मुख्य श्वासनलिकेत, ती दुभागते त्याच्या बरंच वर, एक सीड (सुरुवातीचा बिंदू) ठेवला आणि रीजन ग्रोइंग लावलं, म्हणजे तिथून मर्यादेत बसणारे शेजारी जोडत जायचं. हवा म्हणजे साधारण उणे १००० एचयू (हाउन्सफील्ड युनिट, सीटीतलं घनतेचं माप). वरची मर्यादा उणे ९५० ठेवली तर खोड आणि दोन मोठ्या फांद्या मिळतात, पुढे ठणठणाट. उणे ९०० ला चौथ्या पिढीपर्यंत (चौथ्यांदा फुटलेल्या फांद्यांपर्यंत) मजल जाते. उणे ८९० केलं की संपलंच! उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या लोबमध्ये (भागात) कुठेतरी भगदाड पडतं आणि झाडाऐवजी फ्लॉवरचा गड्डा हाती येतो.

कारण कळतंय. बारीक नळीची भिंत व्हॉक्सेलपेक्षा (थ्रीडी पिक्सेलपेक्षा) पातळ, मग आतली हवा, भिंत आणि बाहेरचं फुफ्फुस यांची सरासरी एकाच आकड्यात येते. पण करायचं काय? गाउसियन फिल्टर (सगळं सरसकट धूसर करणारा) लावून पाहिला, भिंती अजूनच विरघळल्या. स्कॅन १ मिमी जाडीचा आहे. डीप लर्निंगकडे इतक्यात वळायचं नाहीये, आधी हे समजून घ्यायचंय.

शिवाय मार्चिंग क्यूब्सने (व्हॉक्सेलांवरून त्रिकोणांची जाळी बनवणारी पद्धत) काढलेला पृष्ठभाग जिन्यासारखा दिसतो. गुळगुळीत करायला गेलं की बारीक फांद्या वाळल्यासारख्या होतात.

प्रतिसाद १
एकच थ्रेशोल्ड (मर्यादा) सगळ्या झाडाला पुरत नाही, तो नाद सोडा. फांदी-फांदीने वाढवा, प्रत्येकीला तिची मर्यादा. वाढीची आघाडी (नुकत्याच जोडलेल्या व्हॉक्सेलांचा थर) आईफांदीच्या मानाने अचानक फुगली की गळती समजा. तेवढीच फांदी पुसून कडक मर्यादेने परत वाढवा. जोडणी किती शेजाऱ्यांची ठेवलीय? २६ ची (नुसते कोपऱ्याला टेकणारे शेजारीही धरून) असेल तर तिरक्या भिंतीच्या कोपऱ्यांतून निसटतं. गाउसियनऐवजी कडा राखणारा अ‍ॅनायसोट्रॉपिक डिफ्यूजन लावा. आणि लाप्लासियन स्मूदिंग (प्रत्येक बिंदू शेजाऱ्यांच्या सरासरीकडे सरकवणं) नळ्या आकसवतंच, व्हीटीके या थ्रीडी ग्राफिक्स लायब्ररीमधला विंडोड सिंक हा गुळगुळीत करणारा फिल्टर वापरा.

मूळ धागाकर्ता
२६ चीच होती! बारीक फांद्या तुटू नयेत म्हणून मीच हौसेने बदललेली. ६ (फक्त पूर्ण बाजूने चिकटलेले शेजारी) केल्यावर उणे ८९० ला गळती थांबली, उणे ८८० ला पुन्हा फ्लॉवर. विंडोड सिंकने जिना गेला, फांद्या शाबूत. फांदीनिहाय वाढ आता लिहायला घेतलीय, पण एक शंका: नळी दुभागते तिथे आघाडी तशीही रुंदावते. ती गळती नाही हे कोडला कसं सांगायचं?

प्रतिसाद १
लगेच निकाल देऊ नका. दोन-चार पायऱ्या पुढे जाऊ द्या. खरा दुभाग असेल तर आघाडीचे दोन सुटे तुकडे होतात. गळती एकसंध राहून फुगतच जाते.