अमेरिकेत बॉर्डर सांभाळायची कोणी, राज्याने का केंद्राने?

पिवळा_झेंडू
मंडळी बाळबोध प्रश्न आहे, हसू नका. काल जुने व्हिडिओ बघत बसलेलो, जानेवारी २०२४ चे, टेक्सासमधलं ईगल पास. रिओ ग्रँड नदीकाठी (तीच मेक्सिकोची सीमा) शेल्बी पार्क म्हणून ४७ एकरांचं पार्क आहे, ते टेक्सासच्या नॅशनल गार्डने (राज्याचं राखीव सैन्य) ताब्यात घेतलं, गेट लावलं आणि बॉर्डर पेट्रोलला, म्हणजे खुद्द केंद्राच्या माणसांना आत सोडेनात! मग २२ जानेवारीला सुप्रीम कोर्टाने ५-४ ने सांगितलं की बॉर्डर पेट्रोल टेक्सासने लोकांना अडवायला लावलेली रेझर वायर (धारदार पात्यांची तार) कापू शकतं, तरी टेक्सास आपलं नवीन वायर लावतच राहिलं. हा कोर्टाचा अवमान नाही का? इमिग्रेशन केंद्राचा विषय, २०१२ च्या ॲरिझोना केसमध्ये सुप्रीम कोर्टात ते मिटलं असं वाचलेलं, मग हे लोक एवढं कशाच्या जोरावर करतात? कोण बरोबर कोण चूक ते नकोय, फक्त कायदा कसा चालतो ते सांगा कोणीतरी.

तारीख_पे_तारीख
अवमान नाही. खालच्या कोर्टाने बॉर्डर पेट्रोलला 'तार कापू नका' म्हणून मनाई केली होती, सुप्रीम कोर्टाने ती मनाई उठवली, बस. टेक्सासला 'लावू नका' असं कोणी म्हटलंच नव्हतं. म्हणजे एकाने लावायची, दुसऱ्याने कापायची, दोघेही कायद्यात :) आणि ऑर्डरमध्ये कारणाची एक ओळ नाही, त्यामुळे टीव्हीवर प्रत्येकाने आपापला अर्थ काढला.

लोन_स्टारवाला
राज्यघटना वाचा हो आधी. पहिलं कलम, सेक्शन १०, राज्यावर आक्रमण झालं तर राज्य स्वतः लढू शकतं. टेक्सासचे गव्हर्नर ॲबटनी २४ जानेवारीला तेच लिहून दिलं आणि २५ गव्हर्नर त्यांच्या मागे उभे राहिले. केंद्र झोपलं तर राज्याने काय हातावर हात ठेवून बसायचं?

मोडी_वाचक
लोन_स्टारवाला, ते 'आक्रमण' भाषणाला बरं आहे, पण तारेची केस टेक्सास त्यावर जिंकलेलं नाही. झेंडू, तुम्ही जमीन बघा, जमीन. थिओडोर रूझवेल्टने १९०७ ला कॅलिफोर्निया, ॲरिझोना, न्यू मेक्सिकोत सीमेला लागून ६० फुटांचा पट्टा केंद्रासाठी राखून ठेवला. टेक्सासमध्ये ते जमलं नाही, कारण टेक्सास १८४५ ला सामील झालं तेव्हा स्वतंत्र देश होतं आणि सरकारी जमिनी त्याने स्वतःकडेच ठेवून घेतल्या, त्यामुळे आज नदीकाठची बहुतेक जागा रँचवाल्यांची नाहीतर राज्याची नाहीतर गावची (शेल्बी पार्क गावचं आहे).

आता फरक बघा. २०२२ ला ॲरिझोनाचे गव्हर्नर ड्यूसी यांनी शिपिंग कंटेनर एकावर एक रचून भिंत उभी केली, केंद्राने डिसेंबरमध्ये केस टाकली की आमच्या जागेतून हे उचला, आणि आठवड्याभरात कंटेनर काढायचं कबूल करून मोकळे. टेक्सासची तार मात्र जागामालकाला विचारून लावलेली. ऑक्टोबर २०२३ ला टेक्सासने केस टाकली त्यात मुख्य तक्रार काय, तर 'आमची तार कापली', जंगम मालमत्तेचं नुकसान! बांधावरून भाऊबंदकी चालते ना, डिट्टो तसं. नोव्हेंबर २०२४ ला फिफ्थ सर्किटने (टेक्सास ज्याच्या हद्दीत येतं ते केंद्राचं अपील कोर्ट) २-१ ने टेक्सासचं म्हणणं उचलून धरलं. अटकांचंही तेच, २०२१ पासून ऑपरेशन लोन स्टारमध्ये (टेक्सासची स्वतःची सीमा-मोहीम) पोलीस पकडायचे ते 'देशात घुसला' म्हणून नाही तर 'रँचमध्ये घुसला' म्हणून, कारण हा राज्याचा गुन्हा आहे. एसबी-४ या टेक्सासच्या कायद्याला गाडी अडली कारण तिथे टेक्सासने बेकायदा प्रवेश हाच राज्याचा गुन्हा करून टाकला, वर न्यायाधीशांना 'परत मेक्सिकोला जा' म्हणायचा अधिकार दिला. फेब्रुवारी २०२४ ला जिल्हा कोर्टाने थांबवला, १९ मार्चला सुप्रीम कोर्टाने चालू दिला आणि त्याच रात्री फिफ्थ सर्किटने परत बंद केला, जेमतेम काही तासांचा संसार.

सान_अँटोनिओकर
मोडी, जमिनीचं पटलं. इथलं रोजचं सांगतो. लरेडोहून आय-३५ ने वर येताना बॉर्डर पेट्रोलचा चेकपॉइंट लागतो, सीमेपासून चांगला आत. हिरवा युनिफॉर्म, कुत्रा गाडीभोवती एक चक्कर मारतो, ऑफिसर विचारतो 'सिटिझन?', मी नाही म्हणतो आणि पासपोर्ट पुढे करतो, तो व्हिसाचं पान उलटून बघतो, बायकोकडे एक नजर, जा म्हणतो. वीस सेकंद. मागच्या वेळी त्याच ट्रिपमध्ये पुढे तासाभराने स्टेट ट्रूपरने स्पीडिंगसाठी थांबवलं, खाकी युनिफॉर्म, काउबॉय हॅट, त्याने लायसन्स आणि इन्शुरन्स मागितलं, मी सवयीने पासपोर्टही दिला तर म्हणे हा ठेवा, मला नकोय. दोन सरकारं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. (तिकीट मिळालंच.)

अवांतर_प्रेमी
१८७५ च्या आसपासपर्यंत हे काम राज्यंच करायची बरं का. कॅलिफोर्नियाच्या एका कमिशनरने चीनहून आलेल्या जहाजावर २२ बायका अडवून ठेवल्या, प्रत्येकीमागे ५०० डॉलरचा बाँड द्या नाहीतर उतरायचं नाही. केस सुप्रीम कोर्टात गेली, कोर्ट म्हणालं एका राज्याच्या अधिकाऱ्यामुळे अख्ख्या देशाचं परदेशाशी भांडण लागेल, ते चालणार नाही. माझ्या मते सगळ्या वादात हाच मुद्दा सगळ्यात शहाणा आहे, टेक्सासवाल्यांनी कितीही ओरडा केला तरी मेक्सिकोशी बोलायला वॉशिंग्टनच लागतं.

अवांतर: आपल्याकडे ऑक्टोबर २०२१ ला बीएसएफची हद्द पंजाब, बंगाल, आसाममध्ये १५ वरून ५० किमी केली तेव्हा पंजाब सुप्रीम कोर्टात गेलंच की. तिथे राज्य म्हणतं केंद्र आत फार आलं, टेक्सास म्हणत होतं केंद्र येतच नाही.

तारीख_पे_तारीख
आणि पार्टी बदलली की सगळ्यांचे डायलॉग बदलतात. जून २०२५ ला ट्रंपनी कॅलिफोर्नियाचं नॅशनल गार्ड गव्हर्नरला न विचारता ताब्यात घेतलं तेव्हा राज्यांचे हक्क म्हणून ओरडणारे डेमोक्रॅट होते. हे गार्ड दोन टोप्यांचं आहे, एरवी गव्हर्नरचं, राष्ट्राध्यक्षांनी बोलावलं की त्यांचं. १९५७ ला लिटल रॉकच्या शाळेच्या वेळी आयझेनहॉवरने आर्कान्साच्या गव्हर्नरकडून असंच काढून घेतलं होतं. उलट बाजूने केंद्र राज्याच्या पोलिसांना 'आमचं काम करा' म्हणून जुंपू शकत नाही, हे १९९७ च्या प्रिन्ट्झ केसपासून पक्कं आहे, सँक्च्युअरीवाली (इमिग्रेशनच्या धरपकडीत केंद्राला मदत न करणारी) राज्यं त्याच खुंटीला धरून आहेत.

पिवळा_झेंडू
भारी! मोडी, जमिनीचं डोक्यातच आलं नव्हतं. पण मग नदीचं काय? टेक्सासने लोकांना अडवायला पाण्यात ते केशरी गोळे तरंगत ठेवले ते तर कुणाच्या रँचमध्ये नाहीत ना.

मोडी_वाचक
१००० फुटांची माळ, जुलै २०२३. तिथे केंद्राने १८९९ चा नद्या-बंदरांचा कायदा काढला, बोटी चालणाऱ्या नदीत परवानगीशिवाय अडथळा नको. जुलै २०२४ ला फिफ्थ सर्किटचं पूर्ण बेंच म्हणालं गोळे सध्या राहू द्या, कारण त्या पट्ट्यात नदी बोट चालण्याइतकी आहे हे केंद्राला सिद्ध करता येईलसं दिसत नाही. त्या निकालात पानंच्या पानं यावरच आहेत, पूर्वी तिथून कोणी होडी नेली होती का.