दमट हवेत पाइपची तंबाखू कशात साठवावी?

सागरतीर (प्रश्न):
नमस्कार. माझ्याकडे व्हर्जिनिया तंबाखूचे ५० ग्रॅमचे काही सीलबंद डबे आहेत आणि पाऊचमध्ये आलेली थोडी सुगंधी तंबाखूही आहे. मी दिवसाकाठी एखादाच पाइप ओढत असल्यामुळे उघडलेला डबा संपायला बरेच आठवडे लागतात. रत्नागिरीत पावसाळ्यात पाऊचमधली तंबाखू ओलसर होऊन पाइपमध्ये नीट पेटत नाही, आणि तीच वातानुकूलित खोलीत ठेवली तर कोरडी पडून तिचा चुरा होतो. घरात चिनी मातीच्या जुन्या बरण्या, प्लास्टिकचे डबे आणि स्टीलचे डबे आहेत. यांपैकी काही चालेल, की काचेच्या बरण्या नव्याने घ्याव्यात?

धूम्ररेषा:
काचेच्याच घ्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. तंबाखूला साधारण ६० ते ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते आणि आपल्याकडे पावसाळ्यात बाहेरची हवा कित्येक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते, म्हणून बाहेरची हवा आत येऊ न देणे हेच भांड्याचे पहिले काम ठरते. ते काम काच आणि घट्ट बसणारे रबर मिळून उत्तम करतात. जॉन लँडिस मेसन यांनी १८५८ मध्ये पेटंट घेतलेली फिरकीच्या झाकणाची बरणी फळे-भाज्या टिकवण्यासाठी होती, पण पाइप ओढणाऱ्यांनी ती केव्हाच आपलीशी केली आहे. तारेच्या कडीने आवळायची, रबरी चकती असलेली बरणीही तितकीच भरवशाची असते.

आकार मात्र लहान ठेवावा. साधारण २५० मिलिलिटरच्या बरणीत ५० ग्रॅमचा एक डबा आरामात मावतो. मोठ्या बरणीत सगळा साठा एकत्र केला, तर रोजच्या चिमूटभर तंबाखूसाठी सगळ्यालाच पावसाळी हवा लागते. बरणी गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी आणि मगच भरावी, कारण तळाशी राहिलेला पाण्याचा थेंबही बुरशीला पुरेसा होतो. सुगंधी तंबाखू आणि व्हर्जिनिया एका बरणीत कधीही ठेवू नयेत.

जुनीबरणी:
चिनी मातीच्या बरणीबद्दल थोडे सांगतो. तिचे अंग झिलईचे असते, त्यामुळे तिच्यातून ओल झिरपत नाही. उणीव असते ती झाकणात. लोणच्याच्या बरणीला आपण दादरा बांधतो, कारण ते झाकण नुसते वर टेकलेले असते. लोणच्याला तेलाचा थर सांभाळतो, तंबाखूला तसे काहीच संरक्षण नसते. आठवड्याभरात संपेल एवढीच तंबाखू तिच्यात ठेवावी. प्लास्टिकच्या डब्यांना मसाल्यांचा वास धरून राहतो आणि तो तंबाखूत उतरतो, म्हणून ते मी पूर्णपणे टाळतो. स्टीलच्या साध्या डब्याचे झाकणही हवाबंद नसते.

सागरतीर:
आभारी आहे. लोणच्याची रिकामी काचेची बरणी धुऊन वापरता येईल का? आणि जे डबे अजून उघडलेले नाहीत, तेही बरण्यांत काढावेत का?

धूम्ररेषा:
काचेचा वास धुतल्यावर जातो, पण झाकणातल्या रबराचा जात नाही; त्यामुळे झाकण नवे मिळत असेल तरच ती बरणी घ्यावी. न उघडलेले गोल डबे तसेच राहू द्यावेत. चौकोनी डब्यांचे सील कोपऱ्यांत ढिले पडण्याची शक्यता अधिक असते आणि खाऱ्या हवेत पत्रा लवकर गंजतो, म्हणून ते दर पावसाळ्याआधी तपासावेत. व्हर्जिनिया बरणीत वर्षानुवर्षे मुरून गोड होत जाते, तेव्हा बरणीवर नाव आणि भरल्याची तारीख अवश्य लिहावी. सुगंधी तंबाखू मुरवून फारसे काही हाती लागत नाही, ती आधी संपवावी. पुढे पानांवर बारीक चमकणारे कण दिसले, तर घाबरू नये. पण लोकरीसारखा थर आणि कुबट वास असेल, तर ती बुरशी आहे आणि पूर्ण बरणी टाकून द्यावी. बरण्या उजेडापासून दूर, बंद कपाटात आणि मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा उंचीवर असाव्यात, कारण पोटात गेलेली तंबाखू लहान मुलांना विषारी ठरते.