लक्ष्मणराव किर्लोस्कर: संशोधक म्हणायचं की कारखानदार?

कृष्णाकाठ:
लेकीनं शाळेच्या भाषणात लिहिलं, 'लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगराचा शोध लावला.' मी 'शोध' खोडला आणि घरात वाद पेटला. असे नांगर विलायतेहून आधीच येत होते. त्यांचं मोठेपण धंदा उभा करण्यात आहे. १८८८ मध्ये भाऊ रामूअण्णांबरोबर बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. लक्ष्मणराव मुंबईत शिकवायचे आणि सायकली पाठवायचे. रामूअण्णा त्या विकायचे, चालवायलाही शिकवायचे. तेव्हा कारखानदार म्हणा.

काळी माती:
अजिबात पटलं नाही. विलायती नांगर तिकडच्या मातीसाठी आणि घोड्यांसाठी केलेला. इथं ओढणार बैल, आणि मोडला तर दुरुस्त करणार गावचा लोहार. फाळ मऊ राहिला की मुरमाड रानात झिजतो, फार कडक झाला की तुटतो. हा मेळ ओतशाळेत पुन्हा पुन्हा ओतूनच बसतो. शेतकऱ्यांची समजूत अशी की लोखंडानं जमिनीला विष चढतं; पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं लागली! रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून चित्रकला सोडून यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळलेला हा माणूस. त्याला नुसता कारखानदार म्हणताना मला वाईट वाटतं.

जुनी ओतशाळा:
तुम्ही दोघंही एकाच माणसाभोवती फिरताय. बेळगावची कारखान्याची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा निवडुंगानं भरलेला माळ दिला, वर १०,००० रुपये कर्जाऊ दिले. म्हणून १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. शंभूअण्णा जांभेकरांसारखे सोबती होते. पुतणे शंकररावांनी १९२० मध्ये मासिक काढलं, मुलगा शंतनुराव अमेरिकेत इंजिनिअर होऊन आला. नांगर घराण्याचा म्हणा.

काळी माती:
राजांचं ऋण मान्य. पण वाडी व्हायच्या आधी, १९०३ मध्येच नांगर झाला होता. तेव्हा शंकरराव, शंतनुराव कुठे होते? ते श्रेय मागाहून आलेल्यांत वाटू नका.

कृष्णाकाठ:
फाळाचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता, तो पटला. तरी 'शोध' खोडलेलाच राहील. लेकीला सांगितलंय, लिही: 'आपल्या बैलांना ओढवेल आणि आपल्या रानात टिकेल असा लोखंडी नांगर त्यांनी इथं घडवला.' रामूअण्णांचं नाव तिनं आपणहून घातलं.