मे महिन्यात लेकरांना गावाकडं नेणं म्हणजे छळ? मग ऐकाच

औशाची लेक
पालकांच्या एका ग्रुपवर काल एका पुणेकर ताईंची पोस्ट फिरत होती. सार असं, की 43 डिग्रीत लहान मुलांना मराठवाड्यात नेणं हा नातेवाइकांच्या हट्टापायी चाललेला मुलांचा छळ आहे. आजी-आजोबांना एवढंच वाटत असेल तर त्यांनाच एसी डब्यात बसवून इकडं बोलवा. खाली बदामांच्या इमोजींचा पाऊस.

मी आठ वर्षं झाली, दर मे महिन्यात लेकरं घेऊन लातूर जिल्ह्यात औशाजवळ माहेरी जाते. थोरला आठ वर्षांचा, धाकटी चारची. सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर बाहेर, मधे घराबाहेर पाऊल नाही. हा नियम डॉक्टरनं नाही, माझ्या आजीनं घातलेला. दुपारी सगळी पोरं बैठकीच्या खोलीत, कारण तिच्यावर अजून माळवद, म्हणजे मातीचं छत आहे. (बाकी घरावर भावानं स्लॅब टाकलाय आणि तिथं दुपारी भट्टी असते, ते कबूल.) लाइट आली की मोटर आणि मोटर आली की पोरं हौदात. माझ्या पोराला पोहायला त्याच्या मामानं पाठीला वाळका भोपळा बांधून शिकवलं. इथं त्याच कामासाठी सोसायटीतले लोक महिन्याची फी भरतात.

आणि "त्यांनाच बोलवा" म्हणणाऱ्यांना सांगते. माझे वडील 76 चे. एसटी त्यांना फुकट आहे, पण एसटीची पायरी गुडघ्यांना चढत नाही. मागं आणलं होतं. नवव्या मजल्यावर चौथ्या दिवशी विचारायला लागले, "माय, परतीचं तिकीट कधीचं हाय?"

छळ कुणाचा म्हणायचा?

वाकडची आई
ती पोस्ट माझी नाही, पण तिला बदाम देणाऱ्यांत मी आहे. माझं सासर परभणीकडं. तिथं मे महिन्यात पारा 44 ला टेकतो, हे गावकऱ्यांनाही नवीन नाही. दोन वर्षांपूर्वी माझा तीन वर्षांचा मुलगा लग्नाच्या मांडवात दुपारी एकपर्यंत बसला. मुहूर्त 12 चा, पण नवरदेव पारावरून निघेना. रात्री ताप, उलट्या, दुसऱ्या दिवशी सलाइन. आणि सासूबाई मीठ-मोहरी उतरवत होत्या, नजर लागली म्हणून. तुमच्या आजीचा नियम छान आहे, पण तो पाळायला घरच्यांनी मानायला हवा ना? "आमची पोरं उन्हातच वाढली" हे वाक्य मी त्या आठवड्यात इतक्यांदा ऐकलं, की आता कुणी म्हटलं तर मी पिशवी भरायला घेते.

औशाची लेक
मांडवात एकपर्यंत बसवलं ही चूक गावाची की तुमची? उठून घरी जायचं होतं.

वाकडची आई
सुनेनं? सासरच्या मांडवातून, नवरदेव यायच्या आधी उठून? तुम्ही माहेरी जाता ताई, म्हणून हे सुचतंय.

मांजराकाठ
दोघींची माफी मागून बोलतो. खरा प्रश्न ऊन नाही, तिकीट आहे. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. 20 मेसाठी 21 मार्चला सकाळी आठला बसलो होतो. आठ वाजून चार मिनिटांनी वेटिंग. पोरगं सहा वर्षांचं, त्याला बर्थ पाहिजे तर पूर्ण भाडं, हा नियम 2016 पासूनचा. बर्थ नको म्हटलं तर अर्धं, पण मग रात्रभर पोरगं माझ्या छातीवर. शेवटी ट्रॅव्हल्स. एरवी 600 ला मिळणारी सीट त्या दिवशी 1500. एसटीच्या दीडपटीच्या वर भाडं घेता येत नाही असा सरकारचा आदेश 2018 चा आहे. तो दाखवला तर बुकिंगवाला म्हणाला, मग एसटीनं जा की.

मुंबईची लातूर एक्सप्रेस आम्ही भांडून मिळवली आणि 2017 ला ती बीदरला नेली. आंदोलन केलं तेव्हा कुठं निम्मी परत मिळाली. आता तीन दिवस बीदर, चार दिवस लातूर. रेल्वेडब्यांचा कारखाना आमच्या शिवारात, गाडी मात्र कर्नाटकात!

उदगीरचा
बीदरच्या आधी उदगीर लागतं. उदगीर महाराष्ट्रात आहे, लातूर जिल्ह्यात आहे, आणि तिथंही माणसं राहतात, त्यांनाही लेकरं होतात. ती गाडी नव्हती तेव्हा आम्ही पहाटे लातूरला उतरून दोन पिशव्या, एक झोपलेलं पोरगं आणि एक रडणारं पोरगं घेऊन स्टँड गाठायचो. तेव्हा तुमच्यातलं कोण आलं होतं पिशवी धरायला?

मांजराकाठ
तुमच्यासाठी वेगळी गाडी मागा की. आमच्या ताटातली कशाला?

उदगीरचा
ताट तुमचं कधी झालं? मुंबईची गाडी आहे ती.

गोदाकाठचा नांदेडकर
लातूरवाल्यांचं रडणं ऐकून करमणूक होते. गाडी पुढं गेली तर चार लोकांची सोय होते, एवढं मन मोठं ठेवावं माणसानं.

जालना जंक्शन
हे नांदेडकरानं म्हणावं! मुंबई-जालना वंदे भारत डिसेंबर 2023 ला सुरू झाली आणि ऑगस्ट 2025 ला तुम्ही ती नांदेडला नेली. आम्ही आपल्या गावातून रिकाम्या गाडीत बसायचो, आता ती येते तेव्हा खिडक्यांत नांदेडची पोरं नाक चिकटवून बसलेली असतात. मन मोठं म्हणे.

गोदाकाठचा नांदेडकर
नाक चिकटवलेलं पोरगं माझंच असेल. गोड आहे ना?

जालना जंक्शन
पोराला काही म्हणत नाही. बापाला म्हणतो.

वाकडची आई
मी सलाइनबद्दल बोलत होते. तुम्ही कुठं पोचलात?

मांजराकाठ
ताई, गाडीत जागा मिळाली असती तर तुम्ही मार्चमध्येच, ऊन तापायच्या आधी जाऊन आला असता.

वाकडची आई
मार्चमध्ये परीक्षा असतात. काहीही.

टाकीखालचा लातूरकर
वाकडच्या ताईंच्या बाजूनं एक. 2016 ला मी पोरगी घेऊन घरी आलो होतो, ती दोन वर्षांची. एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली ते टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. त्याच्या आधी मार्चात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावली होती, ते किती जणांना आठवतंय? पोरीची दुपटी धुवायला आई वापरलेलं पाणी बाजूला ठेवायची. पाहुणा म्हणून आपण त्या घरात दिवसाला किती बादल्या संपवतो, ते मला त्या वर्षी कळलं. आठव्या दिवशी परत फिरलो. आईनं थांब म्हटलं नाही. तिनं थांब म्हटलं नाही असं तेवढं एकदाच झालं.

औशाची लेक
2016 चं उदाहरण दरवर्षी नका देऊ. 2025 चा मे अख्खा पावसात गेला, पोरं चिखलात खेळली. दुष्काळ पडला नव्हता असं मी म्हणत नाही, पण दुष्काळ दाखवला की मराठवाड्यावरची चर्चाच संपते, हे मला पटत नाही. आमच्याकडं केशर आंबा पण आहे, त्याच्यावर कुणी बोलत नाही.

चिंचेखालची सून
रस, आंबा, हौद, माळवद. वाचायला लय ग्वाड वाटायलंय. आता माझं ऐका, मी त्या घरात राहते.

मला तीन नणंदा. 1 मे झाला की तिघी येतात, सात लेकरं. तुमचं पोरगं दुपारी माळवदाखाली झोपतंय तेव्हा मी चुलीम्होरं असते, कारण सिलिंडर पाहुण्यांत पंधरा दिवसही पुरत नाही. रस काढायचा तर पाटीभर आंबा पिळावा लागतो, एका जेवणात संपतो. पुण्याचं लेकरू भाकरी खात नाही, म्हणून त्याला चपाती. एक तर म्हणतं, मामी, मॅगी आहे का. लेकराचा राग नाही. पण नणंद ताटावरून हात धुऊन उठते आणि म्हणते, "वहिनी, इथं आलं की किती निवांत वाटतं!" वाटणारच.

आणि माझ्या लेकरांना त्यांच्या मामाचा गाव मे महिन्यात कसा दिसतो ते ठाऊक नाही. पाहुणे असताना सून निघते का कुठं? मी दिवाळीत दोन दिवस जाते, भाऊबीज करून परत.

यंदा 17 मेपासून धोंड्याचा महिना लागतोय. सासूबाईंनी यादी केली. तीन जावई, प्रत्येकाला 33 अनारसे, दिव्यासहित ताट, वर कपडे. अनारसे कोण तळणार ते यादीत नाही. मी म्हटलं, आत्या, आमचे हे पण कुणाचे तरी जावई हायत. माझ्या आईनं पण धोंडे खायला बोलावलंय. घरात दोन दिवस कुणी बोललं नाही.

वाकडची आई
ताई, तुमच्यासाठी उभी राहून टाळ्या.

चिंचेखालची सून
टाळ्या नकोत. तुम्ही पण सासरी गेल्यावर जावेला विचारलं का, ती कधी जाते?

मांजराकाठ
आमच्याकडं असं नाही हो. आमच्या बहिणी आल्या की कामाला हात लावतात.

चिंचेखालची सून
हे तुम्ही सांगायलाव. बायकोला टाइप करू द्या.

गोदाकाठचा नांदेडकर
मांजराकाठ आता दिसणार नाहीत.

औशाची लेक
वहिनीवर ढकलून मी मजा करते असा अर्थ निघतोय. मी भांडी घासते, भाकरी थापते, माझ्या लेकरांना मॅगी देत नाही. पण "निवांत वाटतं" हे मीही म्हटलंय. गेल्याच वर्षी म्हटलं. तिच्यासमोर.

जालना जंक्शन
चला, धाग्यातून एक तरी माणूस शुद्धीवर आला. वंदे भारतचं काय झालं?

औशाची लेक
आत्ता वहिनीला फोन केला. विचारलं, धोंड्याला तुम्ही दोघं तुझ्या माहेरी जाताय का. ती आधी म्हणाली, का, काय झालं? मग म्हणाली, आईंना विचारते. मी म्हटलं, आईला मी सांगते. तेवढे चार दिवस घर मी आणि बाबा बघू, अनारसे विकत आणू, माझ्या नवऱ्याला तेवढं चालतं. मग जरा वेळ काही बोललीच नाही. नंतर म्हणाली, नागपंचमीलाच लेकरांना बोलले होते, आजीकडं नेईन म्हणून.

तिचं माहेर उदगीर. भाऊ सध्या पुण्यात कामाला आहे, तो तिकडूनच थेट सासरवाडीला उतरणार. आणि थेट उतरायला त्यानं धरली ती बीदरची गाडी. मांजराकाठ, तीच, तुमच्या ताटातली. मीही 2017 ला त्या आंदोलनाचे फोटो पुढं पाठवले होते.

उदगीरचा
यावं, यावं. वेटिंग किती आलं?

औशाची लेक
41.