मोठ्या क्रूझपेक्षा किनारी बोट बरी

आर्क्टिकमधली छोटी गावं बघायची असतील तर मोठी क्रूझ घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. हजार वस्तीच्या गावात एकदम दोन-तीन हजार माणसं उतरली की गाव दिसतच नाही, फक्त गर्दी दिसते.

त्याऐवजी नॉर्वेची हुर्तिग्रुतेन बघा. १८९३पासून चालणारी ही किनारी बोटसेवा. बर्गन ते किर्कनेस, वाटेत ३४ बंदरं. बोटीत प्रवाशांबरोबर मालही असतो आणि गावकरीही चढउतार करतात. पूर्ण फेरी करा, अर्धी नको. जाताना जी बंदरं रात्री येतात, ती परतताना दिवसा दिसतात.

वाटेतल्या बेर्लेवॉग बंदराला लाटा अडवायला टेट्रापॉड, म्हणजे चार पायांचे काँक्रीटचे ठोकळे, रचलेत, आपल्या मरीन ड्राइव्हवर आहेत तसेच. पूर्वी तिथे बोट धक्क्याला लागू शकत नसे. माणसं आणि सामान छोट्या होड्यांतून उतरवावं लागे.

वाटेतल्याच वार्डो बंदरावर मात्र नक्की उतरा. १७व्या शतकात या भागात चेटकीण ठरवून ९१ जणांना मारलं. त्यांचं स्मारक समुद्राकाठी आहे. लांबलचक अंधाऱ्या दालनात ९१ खिडक्या, प्रत्येकीत एक दिवा, शेजारी त्या व्यक्तीची हकिकत. बायकाच नाहीत, काही पुरुषही होते त्यात. बोट थोडाच वेळ थांबते, तेव्हा उतरल्याबरोबर आधी तिकडे चालू लागा. आणि वाऱ्यापासून वाचवणारं जाकीट हवंच, जुलै असला तरी.